हक्क मागणं म्हणजे लोभ का? (गीता, अध्याय १८, श्लोक २६ ते २८)



काल आपण कर्माचे तीन प्रकार पाहिले. आज भगवंत कर्त्याचे तीन प्रकार सांगतात. काम तेच असतं, पण करणारा वेगवेगळा असतो, आणि त्या कामाचा रंग करणाऱ्यावरून ठरतो.

श्लोकांचा अर्थ, आपल्या भाषेत

सात्त्विक कर्ता कसा? आसक्ती सुटलेला. 'मी केलं, मी केलं' असं न मिरवणारा. धृती आणि उत्साह दोन्ही जवळ असलेला. काम झालं तरी आणि नाही झालं तरी आतून न ढळणारा.

राजस कर्ता कसा? नजर सतत फळावर. लोभी. वाटेत येईल त्याला दुखावणारा. आज आनंदाने उड्या मारणार, उद्या रडत बसणार.

आणि तामस? चित्त ठिकाणावर नाही, ताठर, कपटी, आळशी, कायम तोंड पाडलेला, आणि शेवटचा शब्द बघा, 'दीर्घसूत्री'. आजउद्यात होणारं काम महिनाभरातही न करणारा. या यादीत 'नैष्कृतिक' असाही एक शब्द आहे. काही टीकाकार त्याचा अर्थ दुसऱ्याची उपजीविका तोडणारा असा लावतात. हे दोन शब्द आज लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

चिंतन

'आसक्ती सुटलेला' या शब्दाचा आपण फार सोपा अर्थ लावून टाकतो. आपल्याला वाटतं, ज्याला काही नको तो मुक्तसंग. मागणं आलं की आसक्ती आली. अर्ज केला, पाठपुरावा केला, अपील केलं, म्हणजे माणूस पैशाच्या मागे लागला. हा गैरसमज नुसता पुस्तकी असता तर मी एवढं लिहिलं नसतं. पण त्यापायी घराघरांत खरं नुकसान होतं.

आमच्या मुर्रीत एक काकाजी आहेत. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. वय अडुसष्ट. १९७६ साली फौजेत भरती झाले, पायदळात मॉर्टर प्लाटूनमध्ये होते. सतरा वर्षं नोकरी करून १९९३ ला घरी आले ते दोन्ही कान अधू घेऊन. मॉर्टरच्या नळीशेजारी वर्षानुवर्षं उभं राहिल्यावर कानांचं काय होतं हे सांगायला डॉक्टर लागत नाही. गावात त्यांच्याशी बोलायचं तर समोर उभं राहून, ओठ दिसतील असं बोलावं लागतं. बँकेत टोकन पुकारलेलं त्यांना कळत नाही, फोनवर कोणी काही विचारलं तर फोन काकीजींच्या हातात जातो.

फौज सोडताना वैद्यकीय मंडळाने तपासलं. अपंगत्व वीस टक्के, आयुष्यभरासाठी, असं लिहिलं. आणि पुढे लिहिलं की हे सेवेमुळे झालेलं नाही आणि सेवेने वाढलेलंही नाही. इंग्रजीतल्या या शेऱ्याच्या आद्याक्षरांवरून वकील आणि माजी सैनिक त्याला 'नाना' म्हणतात. आपल्याकडे नाना म्हणजे घरातला मोठा, वडीलधारा माणूस. फायलीतला नाना म्हणजे दोनदा ना.

पुढे एका कार्यालयाचं पत्र आलं, तेही इंग्रजीत, दावा नामंजूर म्हणून. काकाजींनी ते पत्र घडी करून लोखंडी पेटीत ठेवलं. सेवेची पेन्शन सुरू होती, धानाची थोडी शेती होती, दिवस निघाले. अपंगत्वाच्या भागासाठी त्यांनी तीस वर्षांत एकदाही अपील केलं नाही. गेल्या दिवाळीनंतर हयातीच्या दाखल्यासाठी ते माझ्याकडे लॅपटॉप बघून आले, तेव्हा त्या पेटीतले कागद मी पहिल्यांदा वाचले. मी विचारलं, काकाजी, अपील का नाही केलं? सपरीत बसल्या बसल्या ते म्हणाले, "बाबू, देशाची नोकरी केली. आता का हिशोब मांगत बसू? भगवंतानंच सांगतलं ना, फळाची आशा करू नको."

मंडळी, हे ऐकून मला फार बेचैन वाटलं. कारण गीता वाचणाऱ्या माणसानेच गीतेचं नाव घेऊन आपला हक्क सोडला होता.

श्रीकृष्ण स्वतः मागायला गेले होते

थोडं मागे जाऊन महाभारताचं उद्योगपर्व आठवा. गीता सांगण्याच्या आधी काय झालं? पांडवांचा वनवास संपला, अज्ञातवास संपला, अट पुरी झाली. राज्य परत मिळायला हवं होतं, मिळालं नाही. तेव्हा निष्काम कर्म शिकवणारे हेच भगवंत दूत होऊन हस्तिनापूरच्या सभेत गेले. 'पांडवांनो, जाऊ द्या, फळाची आशा कशाला?' असं ते म्हणाले नाहीत. पाच गावं तरी द्या, इथपर्यंत त्यांनी मागणी खाली आणली. दुर्योधनाने सुईच्या टोकाएवढी जमीनही नाकारली, हे सगळ्यांना पाठ आहे. पण जगाचा मालक दुसऱ्याच्या हक्कासाठी दारात उभा राहिला, तिकडे आपलं लक्ष कमी जातं.

यातून मला तरी एवढं कळतं की हक्क मागणं आणि फळाला चिकटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुक्तसंग माणूसही मागतो, नीट मागतो, वेळेवर मागतो, कागदपत्रं लावून मागतो. मात्र मिळालं म्हणून तो चढत नाही आणि नाही मिळालं म्हणून कोसळत नाही. आमच्याकडचा धान उत्पादक शेतकरी बघा. रोवणी झाल्यावर दुसऱ्या दिवशी तो लोंबी शोधत नाही. पण रात्री बांध फुटला तर कंदील घेऊन उठतो आणि माती टाकतो. 'फळ देवाच्या हाती' म्हणून कोणी फुटक्या बांधाकडे बघत बसत नाही.

पेन्शन ही खैरात नाही

इथे थोडी माहिती द्यायला हवी, कारण माहिती नसली की श्रद्धा लवकर हताश होते.

१७ डिसेंबर १९८२ ला सर्वोच्च न्यायालयाने डी. एस. नकारा खटल्यात निकाल दिला. त्याचं सार असं की पेन्शन ही मालकाच्या मर्जीवरची बक्षिसी नव्हे, ती केलेल्या सेवेपोटीचा हक्क आहे. १७ डिसेंबर हा दिवस पेन्शनर दिन म्हणून पाळतात तो याचमुळे.

सैनिकाच्या अपंगत्वाचं वेगळं आहे. साधारण नियम असा की अपंगत्व सेवेमुळे आलेलं किंवा सेवेने वाढलेलं हवं आणि ते वीस टक्के किंवा त्याहून जास्त हवं. बहुतेक भांडण पहिल्या अटीवर होतं. सेवेमुळे आलं हे सिद्ध कोणी करायचं? २०१३ साली धरमवीर सिंह यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. धरमवीर सिंह सिग्नल्स कोअरमधले जवान, १९८५ ला भरती झालेले. नऊ वर्षांच्या नोकरीनंतर फिट्स येतात म्हणून त्यांना घरी पाठवलं, पेन्शन नाकारली. न्यायालय म्हणालं, भरतीच्या वेळी तुम्हीच तपासून घेतलंत, तेव्हा आजाराची नोंद केली नाहीत, म्हणजे माणूस धडधाकट होता असं धरलं जाईल. आजार सेवेमुळे नाही असं म्हणायचं असेल तर ते दाखवण्याची जबाबदारी सरकारची, आणि वैद्यकीय मंडळाने कारणं लिहायला हवीत. शंका असेल तर तिचा फायदा सैनिकाला.

त्यानंतर १० डिसेंबर २०१४ ला राम अवतार यांच्या खटल्यात आणखी एक गोष्ट ठरली. टक्केवारी वरच्या टप्प्याला नेण्याचा फायदा आजारपणामुळे मुदतीआधी घरी पाठवलेल्यांनाच नव्हे, तर नोकरीची मुदत पुरी करून अपंगत्वासह निवृत्त झालेल्यांनाही मिळाला. म्हणजे वीस टक्के मंजूर झालं तर ते पन्नास टक्के धरून हिशोब होतो.

आणि उशीर किती महाग पडतो ते २००८ च्या तरसेम सिंह निकालात दिसतं. पेन्शन दर महिन्याला नाकारली जाते, म्हणून हा अन्याय चालू राहणारा आहे, दाद उशिरा मागितली तरी दार बंद होत नाही. पण थकबाकी साधारणपणे दाद मागण्याच्या आधीच्या तीन वर्षांचीच मिळते. तीस वर्षं पेटीत घडी घालून ठेवलेल्या कागदाची सत्तावीस वर्षं अशी हवेत जातात.

प्रत्येकाचा दावा मंजूर होईलच असं मी म्हणत नाही. काही आजारांचा खरोखरच सेवेशी संबंध नसतो. सप्टेंबर २०२३ नंतर फौज सोडणाऱ्यांसाठी नियमही नवे आहेत. पण विचारलंच नाही तर उत्तर कायम 'नाना'च राहणार.

धृती कोणती?

आता आपल्या श्लोकातल्या 'धृती'कडे येऊ. याच अध्यायात थोडं पुढे, श्लोक ३३ ते ३५ मध्ये, भगवंत धृतीचेही तीन प्रकार करतात. आणि श्लोक ४३ मध्ये क्षत्रियाचे गुण सांगताना शौर्य आणि तेज यांच्या लगेच मागे पुन्हा धृतीच येते. म्हणजे सैनिकाला हा गुण नवा नाही. सीमेवर जो पहाऱ्याला उभा राहिला त्याने धृतीचा अभ्यास तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त केलेला असतो.

मग घरी आल्यावर ती कुठे जाते? श्लोक ३५ इथे फार नेमकं बोट ठेवतो. तामस धृती म्हणजे भय, शोक, खिन्नता यांनाच घट्ट धरून बसणं. मला यात दडलेली गंमत उशिरा कळली. धरून ठेवण्याची ताकद तिथेही असतेच, फक्त धरलेलं असतं निराशेला. 'आपलं काही होत नाही', 'ऑफिसात आपल्याला कोण विचारतो', हे वाक्य तीस वर्षं धरून ठेवायला काय कमी चिकाटी लागते? तीच चिकाटी अर्जाकडे वळवली तर ती सात्त्विक होते.

महाराष्ट्रातलं उदाहरण द्यायचं तर मुरलीकांत पेटकर. सांगली जिल्ह्यातले, ईएमई दलातले जवान. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं शरीर लुळं पडलं. १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला त्यांनी पन्नास मीटर पोहण्यात सुवर्ण जिंकलं. भारताचं पॅरालिम्पिकमधलं ते पहिलं सुवर्ण. पद्मश्री मिळाली २०१८ ला, अर्जुन पुरस्कार हातात पडला जानेवारी २०२५ मध्ये. सुवर्णापासून बावन्न वर्षांहून जास्त! मला त्यांच्यात श्लोक २६ चे दोन शब्द शेजारी शेजारी दिसतात: धृती आणि उत्साह. नुसती धृती असली तर माणूस दगडासारखा पडून राहतो. नुसता उत्साह असला तर पहिल्या नकाराला विझतो. भगवंतांनी दोन्ही एका समासात बांधले, उगीच नाही.

आणि दीर्घसूत्री कोण?

आता जरा आपल्याकडे. ही वाचकमंडळी बहुतेक नोकरी करणारी आहेत. कोणी बँकेत, कोणी तहसीलमध्ये, कोणी शाळेत, कोणी माझ्यासारखं सॉफ्टवेअरमध्ये. म्हणजे खिडकीच्या आतल्या बाजूला बसणारे आपणच.

'दीर्घसूत्री' शब्दात सूत्र आहे, दोरा. ज्याचा दोरा लांबतच जातो तो. सरकारी फाईल बांधायच्या फितीसाठी याहून नेमका शब्द सापडणार नाही. आणि आजकाल फीत कापडाची राहिलेली नाही. माझ्या धंद्यात ती स्क्रीनवर असते. एक चौकोन बनवताना आम्ही ठरवतो की दोन्हीकडचं नाव अक्षर न् अक्षर जुळलं तरच पुढे जाऊ द्यायचं. नियम चूक नसतो, फसवणूक रोखायला तो लागतोच. पण पलीकडे कोण आहे? १९७६ साली भरतीच्या वेळी कोणीतरी ऐकून लिहिलेलं नाव, आधारवर वेगळं. काकीजींचं माहेरचं नाव फौजेच्या नोंदीत, सासरचं आधारवर. दोघं एकाच चुलीवर पन्नास वर्षं जेवले, पण यंत्राच्या लेखी त्या दोन वेगळ्या बाया. काकाजींच्या मागे काकीजींना कुटुंब पेन्शन लागेल तेव्हा हीच एक वेलांटी आडवी येईल. काकाजींचा खरा घोर हाच होता. स्वतःसाठी न मागणारा माणूस तिच्यासाठी मात्र उठला.

संरक्षण खात्याची पेन्शन आता 'स्पर्श' नावाच्या ऑनलाइन व्यवस्थेतून चालते. हयातीचा दाखला २०१४ पासून 'जीवन प्रमाण'वर डिजिटल देता येतो. सोय मोठी आहे, प्रयागराजपर्यंत पत्र पाठवून वाट बघण्याचे दिवस सरले. पण ज्याला ओटीपीचा फोन ऐकू येत नाही आणि ज्याच्या बोटांचे ठसे शेतीकामाने झिजले, त्याच्यासाठी खिडकीपाशी एक माणूस लागतोच. तो माणूस दीर्घसूत्री निघाला तर? त्याने 'उद्या या' म्हटलं की त्याचा एक शब्द जातो, समोरच्याचा भाड्यासकट एक दिवस जातो. असे 'उद्या' साठत गेले की कोणाची तरी उपजीविका तुटते. दीर्घसूत्रीपासून नैष्कृतिकापर्यंतचं अंतर इतकं कमी आहे. मनात कपट नसतानाही आपण तिथे पोहोचू शकतो, याची मला भीती वाटते.

काकाजींचं पुढे काय झालं

आम्ही दोन रविवार बसलो. डिस्चार्ज बुक, पीपीओ, वैद्यकीय मंडळाचा कागद, नामंजुरीचं पत्र, सगळ्याच्या प्रती काढल्या. उद्योगपर्वातली शिष्टाई त्यांना वाचून दाखवली, समोर बसून, हळूहळू. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "देव मांगाले गेला होता, तं मले का लाज?" अपील रजिस्टर्ड पोस्टाने गेलं. काकीजींच्या नावाच्या दुरुस्तीचा अर्ज वेगळा गेला. अजून उत्तर नाही. नकार आला तर पुढे दुसरं अपील आहे, आणि त्यापुढे सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, २००७ च्या कायद्याने खास याच कामासाठी उभं केलेलं, महाराष्ट्रासाठी मुंबईला.

परवा भेटले तेव्हा मी विचारलं, झोप लागते ना? ते हसले. म्हणाले, पहाऱ्यावर उभं केलं आहेस, पहारा देतो, दुश्मन येवो न येवो. सिद्धी आणि असिद्धी यांत सारखं राहणं म्हणजे काय, हे मला कोणत्याही भाष्यापेक्षा त्या वाक्यात जास्त कळलं.

आजचा संकल्प

तीन छोट्या गोष्टी, ज्याला जी जमेल ती.

एक, तुमच्या गल्लीत, गावात एखादे माजी सैनिक किंवा वीरपत्नी असतील तर त्यांच्या पेटीतले कागद एकदा वाचून द्या. नावं, जन्मतारखा, पत्नीचं नाव सगळीकडे सारखं आहे का बघा. वैद्यकीय मंडळाचा कागद नसेल तर तो माहितीच्या अधिकारात मागता येतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा रस्ता दाखवा, जमलं तर सोबत जा.

दोन, त्यांना बजावून सांगा की ओटीपी कोणाला सांगायचा नाही आणि 'काम करून देतो, निम्मे पैसे माझे' म्हणणाऱ्या दलालाला दारातूनच रामराम करायचा.

तीन, ही आपल्या सगळ्यांसाठी. आज आपल्या टेबलावर, आपल्या इनबॉक्समध्ये कोणाचं तरी एक काम अडकलेलं असेल. ते आज संपवा. दीर्घसूत्रीच्या यादीतून आपलं नाव कमी करायला एवढं पुरतं.

प्रार्थना

हे पांडुरंगा, ज्यांनी आमच्यासाठी कान, पाय, डोळे दिले त्यांना मागायची लाज वाटू देऊ नकोस, आणि आम्हाला द्यायचा आळस येऊ देऊ नकोस. त्यांची धृती खिन्नतेला न धरता न्यायाला धरून राहो. खिडकीच्या बाहेर उभा असणारा प्रत्येक म्हातारा तूच आहेस, हे खिडकीच्या आत बसलेल्या आम्हाला आठवत राहो. शिष्टाईला तू गेलास, तशीच दुसऱ्याच्या हक्कासाठी चार पावलं चालायची बुद्धी आम्हाला दे.

उद्या श्लोक २९, बुद्धी आणि धृती यांचे भेद. वाचून या.

जय हरी विठ्ठल.